ढब्बूचा चहा

ढब्बूनं काडेपेटीतून काडी काढली आणि ताई हरखली. तीन वर्षांनी भावाच्या हातचा चहा मिळणार होता. गडी अंगानं धिप्पाड, समज मात्र लहान पोराची. त्यात कानात कुणीतरी बोलायचं. त्या आवाजाच्या नादी लागून त्यानं मालकाचं गोदाम पेटवलं. कोर्टानं तुरुंगाऐवजी या बंदिस्त उपचारगृहात धाडलं, हे नशीबच म्हणायचं. आज इथल्या स्वयंपाकघरात त्यानं नीट चहा केला, तर दोन दिवस घरी जायला मिळणार होतं. समुपदेशक बाईंनी तसं कबूल केलं होतं. ताईनं तर त्याच्या गादीवर नवी चादर घालूनही ठेवली होती.

त्यात भर म्हणून सकाळी फोनवर तिनं त्याला पढवलं होतं. कुणी विचारलं तर आवाज येत नाही म्हणायचं, बरं का! तो शहाण्यासारखा हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणायचा, तीच तर गोम होती.

काडी पेटीला टेकली आणि तिथंच थांबली. ढब्बूच्या कपाळावर घाम आला. ताईला राहवेना.

"येत नाही ना रे आता आवाज? मग लाव की."

त्यानं काडी परत पेटीत ठेवली.

"येतोय," तो म्हणाला. "आत्ताच आला."

झालं! हातातोंडाशी आलेला घास गेला. मेल्याच्या पाठीत एक धपाटा घालावा आणि मग पोटभर रडावं, असं ताईला वाटलं. दाराशी उभ्या समुपदेशक बाई मात्र चक्क हसत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"आवाज आला की तो सांगेल, याचीच मी इतके दिवस वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "घरी तो असं म्हणाला, तर तुम्ही काय कराल?"

आजवर ताई एकच म्हणत आली होती, असं काही नसतं, जेव गुपचूप.

ढब्बूनं काडेपेटी पुढे केली. बाईंकडे नाही, ताईकडे.

तिनं ती घेतली. स्वतः शेगडी पेटवली, पातेलं चढवलं आणि स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली.

"काय म्हणतोय रे तो?"

ढब्बू सांगू लागला. आधी अडखळत, मग भराभरा, हातवारे करत. चहा उतू जायला आला. बाईंनीच पुढे होऊन गॅस बारीक केला आणि शनिवारी न्यायला या म्हणाल्या, पण ते दोघांपैकी कुणालाच ऐकू गेलं नाही.