गाळलेली चार पानं

माझे सासरे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, मीही तोच विषय शिकवते, आणि आमच्या घरात त्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी मिठावरून झाली नसतील. युरोपातल्या एका जुन्या तत्त्वज्ञाचा ग्रंथ त्यांनी तरुणपणी मराठीत आणला. चाळीस वर्षं तोच पोरांना लावलेला. आता नवी आवृत्ती निघत होती, संपादन माझ्याकडे होतं, आणि प्रकाशकाला सोमवारी दुपारी बारापर्यंत शेवटची मुद्रितं हवी होती, सासऱ्यांच्या सहीनिशी.

त्यांच्या या अनुवादाच्या सहाव्या प्रकरणात मध्येच तीन फुल्या आहेत. आमचे सगळे मास्तर सांगायचे, इथे तत्त्वज्ञ मौन पाळतो. परीक्षेत दहा गुणांना प्रश्न यायचा, 'फुल्यांमागचं मौन स्पष्ट करा'. मी पुरवण्या भरभरून नऊ मिळवले होते. पुढे त्याच मौनावर निबंध वाचून टाळ्याही घेतल्या. कसला गाढवपणा! मूळ ग्रंथात फुल्या नाहीतच. तिथे चार पानं आहेत. उष्ण देशांतल्या काळ्या माणसांना विचार करता येत नाही, डोक्यावर मालक असणं त्यांच्याच हिताचं, असं त्या महाशयांनी सविस्तर लिहिलंय.

मला हे कळलं कॅरिबियन बेटांवरच्या एका बाईच्या लेखातून. तिचे पूर्वज गुलाम होते. तिचं म्हणणं असं, की हा माणूस स्वातंत्र्यावर लिहीत होता तेव्हा आमच्या बेटावर खरेखुरे गुलाम उसाचे मळे पेटवून स्वतंत्र होत होते. वर्तमानपत्रात ते वाचत, चहात आमचीच साखर ढवळत त्याने ग्रंथ पुरा केला. आता त्याचं स्वातंत्र्य आमच्या बाजूने वाचा, तरच त्याला काही अर्थ आहे. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच आठवड्यात मी ती पानं अनुवादली आणि मुद्रितात घातली.

सोमवारी सकाळी दहाला सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर ती पाहिली.

"ही घाण माझ्या पुस्तकात जाणार नाही."

"घाण त्याची आहे, बाबा. तुम्ही फक्त झाकलीत."

नवऱ्याने चहाचा कप उचलला आणि बाल्कनीत पळ काढला. आमचं जुंपलं की तो दरवेळी हेच करतो.

"माझ्या वर्गात सगळी काळीसावळी पोरं, सूनबाई. घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली. त्यांना हे वाचायला देऊ?"

"म्हणून त्यांना थापा शिकवल्यात? मीही त्यातलीच एक होते. मला लाज वाटते, कळतंय का?"

"लाज वाटत असेल तर विषय सोड." त्यांनी माझा अनुवाद दोन बोटांनी उचलला. "आणि हे मराठी? शेळीने चघळल्यासारखं!"

"मग तुम्ही करा!"

ते तडक उठले, खोलीत गेले आणि परत येऊन त्यांनी पिवळे पडलेले आठ कागद माझ्यासमोर आपटले. त्यांच्याच अक्षरात मूळ ग्रंथातली ती चार पानं. सगळी अनुवादलेली.

"वाच. मोठ्याने."

मी वाचायला लागले. मराठी इतकं सुंदर होतं की मला शिसारी आली. तिसऱ्या ओळीत 'यांना भूक असते, विचार नसतो' इथे मी थांबले. पुढचं बाबांनी म्हटलं. कागदाकडे न बघता, एकही शब्द न चुकता, पान संपेपर्यंत.

"पाठ आहे?" मी विचारलं.

"विसरायचा प्रयत्न करून बघ एकदा."

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली, राग दुप्पट झाला. मी माझी पानं काढली, त्यांची लावली आणि पेन पुढे केलं.

"छाप," ते म्हणाले. "पण पुस्तकावर माझं नाव नको."

"नाव तुमचंच राहणार. हे तोंडपाठ असूनही तुम्ही त्याला जन्मभर गुरू म्हणालात, हे लोकांना कळू दे."

त्यांनी सही केली. मग पेन माझ्याकडे सरकवलं.

"तुझंही नाव टाक. मला निदान हे सगळं माहीत होतं. तू शिकवायला लागून पंधरा वर्षं झाली, तू मूळ ग्रंथ एकदाही उघडला नव्हतास."

साडेअकरा वाजून गेले होते. मी त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.