चौघांच्या चार बाटल्या

जाताना बाबा एवढंच म्हणाले होते, "गाडी चौघांची. भांडू नका." आता शहाण्या माणसांनी याचा अर्थ काय घेतला असता? गाडी वापरा, नीट ठेवा, संपलं. पण या चौघा भावंडांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मोजणी केली. दारं चार, चाकं चार, काचा चार. थोरला गंभीरपणे म्हणाला, "बाबांनी विचार करूनच घेतली होती ही गाडी." आणि तिथल्या तिथे वाटणी झाली. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात हवा कमी असली तर ते धाकट्याने बघायचं, मागचं दार खडखडलं तर ती ताईची डोकेदुखी. स्टेपनीवरून बरीच धुसफूस झाली. शेवटी ती कुणाचीच नाही असं ठरलं, त्यामुळे तिच्यात आजतागायत कुणी हवा भरलेली नाही.

चालवायला एकेक आठवडा पाळी. गाडी मात्र उभी राहायची थोरल्याच्या दारात, कारण बाकी तिघांकडे जागाच नव्हती. सोमवारी सकाळी पाळीवाला चावी न्यायला यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत आणून द्यायचा. थोरल्याची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा लांब परदेशात. घरात दुसरा कप बाहेर निघायचा तो या चावीपायीच. ताई चहा घेता घेता दाराच्या खडखडीवर बोलायची, धाकटा बिस्किटांचा पुडा संपवायचा. मधला तेवढा उंबऱ्याबाहेर उभा राहून चावी घ्यायचा. वायपर कुणी मोडला यावरून दोघांचं वाजलं होतं, तेव्हापासून त्याने आत पाऊल टाकलेलं नव्हतं. पण यायचा तरी. थोरल्याला तेवढंही पुरत होतं, फक्त हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मोठेपणा आड यायचा ना.

मग गाडीने रडगाणं सुरू केलं. सकाळी स्टार्ट घ्यायला नखरे, धूर असा की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे, आणि आत बसलं की डिझेलचा भपकारा. ताई म्हणाली, धाकटा गाडी पळवतो म्हणून. धाकटा म्हणाला, मधला कुठलंही डिझेल भरतो म्हणून. मधला नुसता वायपरकडे बघून हसला. झालं. थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली. "इंजिनात डिझेल सोडणारे इंजेक्टर गळतायत," तो म्हणाला. "तेही चारच आहेत. ज्याचा गळत असेल त्याने गाडीतला हिस्सा सोडायचा आणि पुन्हा पाळी मागायची नाही. बोला, आहे कबूल?"

रागाच्या भरात तिघांनीही कबूल केलं. थोरल्याला त्या रात्रीच आपली चूक कळली. पण बोललेला शब्द मागे घेणं म्हणजे नाक कापून हातात देणं, असा त्याचा स्वभाव.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. त्याने बॉनेट उघडलं, चारी इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एकेक पारदर्शक बाटली तारेने टांगली. "इंजिन चालू ठेवायचं," त्याने समजावलं. "ज्याच्या बाटलीत जास्त डिझेल येईल तो गळका. बाकीच्यांना हात लावायची गरज नाही."

"बाटल्यांवर नावं घाला," थोरला म्हणाला.

"कशाची नावं?"

"आमची. रेडिएटरच्या बाजूने वयाप्रमाणे."

उस्तादने चौघांकडे आळीपाळीने बघितलं. धंद्यात असली गिऱ्हाइकं भेटतातच, असं मनाशी म्हणून त्याने खडूने लिहिलं: थोरले, ताई, मधले, धाकटे. इंजिन थोडा वेळ धडधडलं. मग बंद करून तो म्हणाला, "फेस बसू दे, मग बघू. तोवर बाहेर थांबा." आणि फाटकाशी कुणाची तरी बंद पडलेली गाडी आली होती, ती बघायला गेला.

चौघं बाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. थोरल्याला काही राहवेना. "माझं चाक बघून येतो," असं पुटपुटून तो आत गेला.

त्याची नजर बाटल्यांकडे गेली. तिघांच्या बाटल्यांत जेमतेम बोटभर डिझेल, आणि 'थोरले' गळ्यापर्यंत भरलेली.

आता गाडी त्याच्या दारातून हलणार, ताईच्या किंवा आणखी कुणाच्या गल्लीत जाणार. मग सोमवारी कोण येणार त्याच्याकडे? कशाला येणार? त्याने मागेपुढे पाहिलं, बाटली तारेतून सोडवली आणि निम्मीअधिक मधल्याच्या बाटलीत ओतली. मधल्याच्याच का? कारण वायपर. दोन थेंब बुटावर सांडले. तो बाहेर आला तेव्हा त्याला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

"दार नीट लागलंय का बघते," म्हणून ताई आत गेली. ती आल्यावर धाकट्याला आपला मोबाइल गाडीत राहिल्याची आठवण झाली. मोबाइल त्याच्या हातातच होता. शेवटी कसलाही बहाणा न करता मधला गेला, जरा जास्तच वेळ लावून परत आला आणि रुमालाने हात पुसत उभा राहिला.

उस्ताद आला, बाटल्यांपुढे उभा राहिला आणि त्याने डोकं खाजवलं. "अजबच आहे. तीन इंजेक्टर गळतायत, तिघेही सारखेच. आणि हा एक, साहेब, तुमचा. याच्यात तर काहीच नाही. नवा कोरा असल्यासारखा."

ताईने पर्स खांद्याला लावली. "ठरलंय ते ठरलंय," ती म्हणाली. "दादा, गाडी तुझी."

"तुझीच," धाकटा म्हणाला. मधल्याने नुसती मान हलवली. तिघंही फाटकाकडे चालू लागली.

जिंकलेला माणूस कसा दिसतो ते त्या वेळी थोरल्याकडे बघून कळलं नसतं. अख्खी गाडी त्याची झाली होती, चारी दारं, चारी चाकं, वर स्टेपनीसुद्धा. आणि चावी मागायला जगात एकही माणूस उरला नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. त्याला ते दोनदा म्हणावं लागलं. "भरलेली बाटली माझी होती. मी याच्यात ओतली." त्याने मधल्याकडे बोट केलं, पण बघितलं जमिनीकडे.

ताई मागे वळली आणि हळूच म्हणाली, "मला याची भरलेली दिसली. याला पोरीला शाळेत सोडायला गाडी लागते. म्हणून थोडं मी माझ्यात घेतलं."

"मीपण," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, तिघांत वाटलं गेलं की कुणाचंच दिसणार नाही."

"आणि तू रे?" थोरल्याने मधल्याला विचारलं.

मधल्याने रुमाल खिशात कोंबला. "तुझ्या बाटलीत अजून जरा जास्त वाटत होतं. ते सगळंच मी माझ्यात घेतलं."

"तू? का?"

"तुझ्या दारातून गाडी हलली तर मी सोमवारी कुठे जाऊ?"

थोरल्याचे डोळे भरून आले. डिझेलच्या वासाने, असं त्याने नंतर सांगितलं.

इतका वेळ उस्ताद आ वासून ऐकत होता. आता त्याचा पारा चढला. "अहो, मी इथे इंजेक्टर तपासतोय की तुम्हाला?" त्याने चारी बाटल्या डब्यात रिकाम्या केल्या, खडूची नावं फडक्याने खसाखसा पुसली आणि भिंतीशी पडलेल्या, कुठल्याशा भंगार गाडीच्या मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "तिथे बसा. चौघंही. हात गुडघ्यांवर. कुणी उठलं तर गाडी घेऊन जा."

सीट तिघांची होती. लहानपणी बाबा गाडी चालवायचे तेव्हा ही चौघं मागे जशी कोंबून बसायची तशीच आता बसली, फरक एवढाच की धाकट्याचं पोट सुटलं होतं आणि ताईचे गुडघे कुरकुरत होते. इंजिन पुन्हा सुरू झालं. पहिली बाटली सरसर भरू लागली, बाकीच्या तिघींना काही घाई नव्हती. चौघंही बघत होती.

"पहिलाच," उस्ताद ओरडून म्हणाला. "हा एकच काढतो. दुरुस्त होईल."

उस्तादने इंजिन बंद करून चावी आणून दिली, तशी थोरल्याने ती न बघता पुढे धरली. अटीप्रमाणे आता त्याचा हिस्सा सुटला होता. ती घ्यायला कुणी हात पुढे करेना. चावी तशीच हवेत राहिली.

"ठेव ती तुझ्याकडेच," शेवटी मधला म्हणाला. तो दाटीवाटीत अडकला होता, थोरल्याच्या खांद्याला खांदा लावून. "सोमवारी पाळी माझी आहे. घ्यायला येईन तेव्हा चहा टाकून ठेव. मी आत येऊन पिणार आहे."