तीन फळ्या

“खाली बघून चला,” बायको म्हणाली आणि तिने मिस्त्रींचा दंड घट्ट धरला. जशी काही ती त्यांना नाच बघायला नाही, दात काढायला नेत होती.

मिस्त्री खाली बघूनच चालत होते. गेले तीन आठवडे ते तसेच चालत होते. नाट्यगृहाच्या फाटकाशी चाळीसेक माणसं पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन उभी होती. एकजण ओरडायचा, “कुठे पडला?” आणि बाकीचे म्हणायचे, “आत पडला!” तिकीटवाले लोक अंग चोरून त्यांच्यामधून आत शिरत होते. एका बाईंनी तर नाकाला रुमाल लावला होता. घोषणांना वास येतो हे मिस्त्रींना आजच कळलं.

पाट्यांवर तीन आठवड्यांपूर्वी मेलेल्या वायरमनचा फोटो होता. ओळखपत्रावरचा एवढासा फोटो मोठा केलेला, त्यामुळे त्याचं नाक फुगल्यासारखं दिसत होतं. जन्मात त्याने कधी धड फोटो काढून घेतला नव्हता. फोटोखाली त्याची बायको उभी होती. तिने मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींना त्याचं काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हाच तर त्यांचा आजार होता. जेवताना मीठ कमी की जास्त ते कळत नव्हतं. परवा अंगठ्यावर हातोडी बसली, तर ‘बसली वाटतं’ असं म्हणून त्यांनी पुढचा खिळा ठोकायला घेतला होता.

“वहिनींनी बघितलं,” ते म्हणाले.

“बघू दे. आपण काय चोरी केलीय? साहेबांनी स्वतः बोलावून पास दिलेत. तिसरी रांग! आणि सोमवारी नोकरीची ऑर्डर हातात पडायचीय तुमच्या. तोवर तोंड उघडू नका म्हणजे मिळवलीत.”

तोंड उघडायचा प्रश्नच नव्हता. ते तीन आठवड्यांपूर्वीच मिटलं होतं.

झालं होतं ते असं. या नव्या रंगमंचाची लाकडी जमीन मिस्त्रींनी घातली होती. नाचाची जमीन म्हणजे नुसत्या फळ्या ठोकणं नव्हे. खाली आडव्या-उभ्या पट्ट्या आणि पट्ट्यांखाली रबराचे तुकडे, म्हणजे उडी मारणाऱ्याच्या टाचेला ती जरा खाली जाऊन झेलते. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मिस्त्रींनी शेकडो दारं-खिडक्या केल्या, पण असं काम कधी वाट्याला आलं नव्हतं. वायरमन त्यांच्या डोक्यावर, छताखालच्या लोखंडी पुलावर दिवे बांधायचा. पुलाला कठडा नव्हता. मागितला की साहेब म्हणायचे, “पुढच्या आठवड्यात.” त्या दुपारी बाकीचे जेवायला गेले असताना वायरमन वरून पडला. अंगाने नुसती काडी तो. मिस्त्रींनी एकट्याने त्याला उचललं आणि गाडीत घालायला मागच्या अंगणात नेलं. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

लोकांनी त्याला अंगणात बघितलं, म्हणून तो अंगणातच पडला असं ठरलं. साहेबांच्या कागदात आलं की सुट्टीच्या वेळात तो आपल्या हौसेने भिंतीवर चढला होता. म्हणजे तो कामावर मेलाच नाही, नाट्यगृहाचा काही संबंधच नाही.

रंगमंचावर मात्र तीन फळ्या मोडल्या होत्या. “उद्या तपासणीवाले येतील, जमीन नीट दिसली पाहिजे,” एवढंच साहेब म्हणाले होते. फळ्या बदला असं त्यांनी म्हटलंसुद्धा नव्हतं. पण मिस्त्रींना मोडकी फळी बघवत नाही. हात आपोआप चालले. दोन तासांत त्यांनी फळ्या काढल्या, नव्या घातल्या, घासल्या, पॉलिश मारलं. दुसऱ्या दिवशी तपासणीवाले त्या गुळगुळीत जमिनीवर बूट वाजवत फिरले आणि चहा पिऊन गेले. मग मिस्त्रींपुढे कागद आला, ‘मी त्या वेळी जेवायला गेलो होतो.’ त्यांनी सही केली. सोमवारपासून रंगमंचाची देखभाल त्यांच्याकडे येणार होती, कायमची. उभा जन्म रोजावर राबलेल्या माणसाला ‘कायम’ हा शब्द कसा ऐकू येतो, ते महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्यांना सांगून कळायचं नाही.

“अगंबाई, खुर्ची काय मऊ आहे!” बायको आपल्या खुर्चीत दोनदा उठून बसली. “बघा तरी बसून नीट. कडेला काय टेकताय, बस थोडीच सुटणार आहे?”

मिस्त्री मागे रेलले. दिवे मालवले, पडदा सरकला आणि बारा जण अनवाणी पायांनी आत आले. संगीत सुरू झालं. बायकोचे डोळे मुलींच्या कपड्यांवर, पुढच्या रांगेतल्या साहेबांचे पाहुण्यांवर आणि मिस्त्रींचे जमिनीवर. नाच कसला होता ते त्यांना विचाराल तर सांगता येणार नाही. चोवीस पाय होते आणि एकही फळी कुरकुरत नव्हती, एवढं ते सांगतील. एरवी त्यांची छाती फुगली असती.

मग संगीत थांबलं. एकच मुलगी उरली. नुसत्या श्वासावर आणि पावलांवर नाचायचा भाग होता तो. सभागृह इतकं शांत झालं की बाहेरचं ऐकू यायला लागलं. बारीक, पण स्पष्ट.

कुठे पडला?

आत पडला.

“काय कटकट आहे,” मागून कोणीतरी कुजबुजलं. साहेबांनी मान वळवून दाराकडे बघितलं.

मुलगी धावत आली, उंच उडाली आणि खाली आली. धम्. जमिनीने तिला झेललं. पुन्हा उडाली, धम्. तिसऱ्यांदा उडाली आणि त्या फळ्यांवर आली. टक.

सभागृहात हा आवाज एकट्या मिस्त्रींना कळला. तिथलं रबर त्या दिवशी फाटलं होतं आणि नवं हाताशी नव्हतं. नंतर घालू, असं म्हणून त्यांनी फळ्या तशाच ठोकल्या होत्या. मुलगी गोल फिरून पुन्हा तिथेच उतरली. टक. तिच्या ओठांचा कोपरा हलला, टाचेतून कळ गेली असणार. पुढच्या फेरीला ती ती जागा टाळून हातभर डावीकडे उतरली.

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. दोनदा पाय पडला आणि तिला कळलं, की इथे काहीतरी झालंय.

मिस्त्रींचे कान तापले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी झालं, आणि ती लाज होती. तीसुद्धा आधी सहीची नाही, कामाची. आपण घातलेल्या जमिनीवर एक पोर पाय चुकवतेय, याची. मग तिच्या मागून बाकीची सगळी आली.

ते उठले.

“कुठे?” बायकोने कुजबुजून विचारलं.

“बाहेर.”

“आत्ता? दोन मिनिटं धरवत नाही का? अहो, साहेब बघतायत!”

“बघू दे,” मिस्त्री म्हणाले आणि लोकांच्या गुडघ्यांवर आपटत रांगेतून बाहेर पडले.

दारावरच्या माणसाने आडवा हात केला. “मिस्त्री, आता गेलात तर परत आत सोडता येणार नाही हां. साहेबांची ताकीद आहे.”

“बरं.”

बाहेर अजून उजेड होता. ते फाटकापाशी गेले तशा घोषणा थांबल्या. कामगारांच्या बाजूने लढणाऱ्या वकीलबाई पुढे आल्या. मिस्त्रींना बोलायची सवय नव्हती, पण माप सांगायची होती.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “उजव्या विंगेपासून अकरा फूट. पुढच्या कडेपासून नऊ. तीन फळ्या. बाकी सगळीकडे खिळे आहेत, तिथे मी स्क्रू मारलेत. उचकटून बघा. खाली रबर फाटलेलं आहे. पट्टीलाही रक्ताचा डाग असेल, पट्टी मी बदलली नाही.”

“फळ्या कोणी बदलल्या?”

“मी. आणि मी जेवायला गेलो नव्हतो. त्या कागदावरची सही माझी आहे, मजकूर खोटा आहे.”

“हे तुम्ही कोर्टात सांगाल? नोकरी जाईल, मिस्त्री.”

“गेली ती. ती आतच राहिली.”

वकीलबाईंचं पेन चाललं होतं. एकजण म्हणाला, “तीन आठवडे काय मूग गिळून बसला होता का?” त्यावर मिस्त्रींनी नुसती मान हलवली. तसंच होतं ते. शिव्या खायची त्यांची तयारी होती.

वायरमनची बायको पाटी घेऊन जवळ आली. 

“भाऊजी, तुम्ही तिथे होतात?”

“होतो.”

“मग ते काही बोलले का?”

साहेबांनी हे विचारलं नव्हतं. तपासणीवाल्यांनीही नाही. मिस्त्रींनी तोंड उघडलं. 

“बोलला. मी पळत गेलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘फळी मोडली रे तुझी.’”

 हातातली पाटी तिरकी होत गेली.

“तसेच होते ते,” ती म्हणाली. “हातून कप फुटला तरी दोन दिवस तोंड चुकवायचे.”

पाटीची काठी खिळ्यापाशी सैल झाली होती. मिस्त्रींनी ती तिच्या हातातून घेतली, सरळ केली, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून तिच्या शेजारी उभे राहिले.