फवारलेली पानं

आजकाल त्या पुडीला नॅनो की काय म्हणतात. शहाण्णव साली जळगावच्या कॉलेजात हंगामी शिकवणारा अभिमन तिला नुसती बारीक भुकटी म्हणायचा. जस्ताची भुकटी. एक कॉस्टिक सोडा घालून केलेली, दुसरी केळीच्या पानांच्या रसात. कोणती जंतू जास्त मारते, एवढंच बघायचं होतं. त्यात भल्या माणसाची सहा वर्षं गेली, बघा!

काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मध्ये भुकटी ठेवायची. पानांच्या भुकटीभोवती जंतूंचा मागमूस नसायचा. सोड्याच्या भुकटीभोवती जेमतेम नखाएवढी जागा मोकळी. या निकालावर त्याचा प्रबंध उभा होता आणि प्रबंधावर कायमची नोकरी. सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा होता.

शनिवारी अभिमन पेढे घेऊन धरणगावजवळच्या मळ्यात गेला. थोरला भाऊ सुपडू दर पंधरवड्याला त्याला पानं पोचवायचा. त्याच्यासाठी केळीची एक ओळ न फवारता राखायची, असं ठरलेलं होतं. अभिमन आधी त्या ओळीकडे गेला. सगळी पानं करप्याने काळी पडलेली.

"भाऊ, मग मला देतोस ती पानं कुठली?"

"असा करपेल पानं तुले कसं देऊ रे? लोके काय म्हनतीन? फवारेल ओळीमाईन निवडीसन आनात. चांगला धुईसन!" सुपडू ऐटीत म्हणाला.

म्हणजे फवारलेल्या ओळींतलीच, धुऊन आणलेली. आणि फवारा मोरचुदाचा. मोरचुदात तांबं, आणि तांबं जंतूंचा कर्दनकाळ. धुऊन ते थोडंच जातंय!

अभिमनने न फवारलेली काळी पानं जळगावला नेली, रविवारभर खपून त्यांच्या रसात भुकटी केली आणि रात्री बशीत ठेवली. सोमवारी बशी उघडली, तर जंतू भुकटीला अगदी चिकटून माजलेले. सहा वर्षं त्याने मोजलं ते मोरचूद. प्रबंध कपाटात कोंबून त्याने कुलूप लावलं. चाळिशीला आलेला माणूस, आता पुन्हा सहा वर्षं कुठून आणणार! सगळं संपलं होतं.

तेवढ्यात सुपडू पानांचं ओलं पोतं घेऊन दारात.

"इतला पुरतीन ना रे?"

"पुरतील, भाऊ. आता नको आणूस."

"बठ्ठं व्हयनं का मंग?"

"व्हयनं. सगळं झालं," अभिमन म्हणाला.

सुपडूने शनिवारचा एक पेढा फडक्यात राखून आणला होता. "मना डाक्टर!" म्हणत तो त्याने भावाच्या तोंडात घातला.