सोंडेत साठलेला राग

मित्रांनो, या मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपाशेजारी फाटक्या सोंडेचा जो जुना हत्ती दिसतो आहे, तो मी. माझी कीव करू नका. सोंड फाटली त्या दिवशी झाला तेवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

माझा जन्म एका पत्रेकामाच्या कारखान्यात झाला. कारागिराने ठोकून ठोकून माझे अंग घडवले, पोटात सॉसची टाकी बसवली आणि रबराची लांब सोंड जोडली. तिथून मी थेट या प्राण्यांच्या पिझ्झाघरात आलो. इथे जिराफाच्या मानेला दिवे लटकतात, खुर्च्यांना वाघाच्या शेपट्या आहेत आणि पिझ्झा पंजाच्या आकाराचा मिळतो. पण मान माझा मोठा! मुलांनी सोंडेखाली ताटली धरायची आणि माझा कान पिळायचा, की सॉसची धार सुरू. एरवी मुलांचे कान मोठी माणसे पिळतात. इथे मुलांना दुसऱ्याचा कान पिळायला मिळे. त्यामुळे माझ्यापुढे कायम झुंबड असे.

दुकान बंद करताना भांडी घासणाऱ्या मावशी माझी टाकी रिकामी करत आणि सोंडेतून कोमट पाणी सोडत. "गजोबा, नाक शिंकरा बघू," असे म्हणत. त्यांचा हात फिरला, की दिवसभराचा शीण जाई.

पुढे मालकांनी सगळा कारभार जावयाच्या हाती दिला. या जावईबापूंनी आल्या आल्या माझ्या सुळ्यावर कोट अडकवला. जाता-येता सोंडेवर टपली मारायची त्यांना खोडच होती. तेही मी सोसले असते. पण एकदा मावशी मला धूत असताना ते खेकसले, "रोज रोज काय आंघोळ घालताय त्याला? पत्र्याचा हत्ती आहे, आजारी पडणार आहे का? वरून नवा सॉस ओता, झालं!"

"अहो, आतला आंबेल ना. लेकरं खातात," मावशी म्हणाल्या.

"मला शिकवू नका. उद्यापासून येऊच नका!"

मावशींनी फडका पिळला, माझ्या पाठीवर वाळत घातला आणि त्या निघून गेल्या. जावईबापूंनी तो फडकाही कचऱ्यात टाकला. तेव्हाच मी ठरवले, या माणसाला सोडायचे नाही.

दुसऱ्याच दिवशी वाळलेल्या सॉसने, कान पिळला की उघडणारा माझ्या सोंडेतला नळ घट्ट बसला. जावईबापूंनी माझ्या गळ्यात 'हत्ती झोपला आहे' अशी पाटी अडकवली आणि मोकळे झाले. मी कसला झोपतोय! पोटातला सॉस आंबत होता, फुगत होता आणि मी दात-ओठ खात वाट पाहत होतो.

अखेर एके दुपारी मालक नातीला घेऊन जेवायला आले. ती जावईबापूंचीच लेक. धावत येऊन तिने माझा कान पिळला. मी सगळा जोर लावून नळ मिटून धरला. त्या चिमुरडीशी माझे भांडण नव्हते.

"सरक गं, बाबा दाखवतो," असे म्हणत जावईबापू पुढे आले. पांढरा शुभ्र शर्ट. त्यांनी वाकून सोंडेत डोकावून पाहिले आणि दिली एक सणसणीत टपली.

मी सोडून दिले.

सोंड टरकन फाटली. डोळे, नाक, केस, शर्ट, काही म्हणता काही वाचले नाही. वास असा सुटला, की माणसे ताटे सोडून उठली. नात टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, गजोबाला शिंक आली!"

मालकांनी नाकाला रुमाल लावला. "जावईबापू, ही सोंड शेवटची कधी धुतली होती? आणि मावशी कुठे आहेत?"

जावईबापूंनी तोंड उघडले. त्यात सॉस गेला.

मालक स्वतः जाऊन मावशींना घेऊन आले. माझी फाटकी सोंड हातात घेऊन त्या म्हणाल्या, "काय रे हे करून घेतलंस?" त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यापुरते मलाही वाईट वाटले.

आता आत नवा हत्ती आहे. त्याची सोंड रोज जावईबापू धुतात, बाह्या वर करून. मावशी बाजूला उभ्या राहून म्हणतात, "अजून एकदा." हे सगळे मला खिडकीतून दिसते आणि माझे पोट भरते.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या वस्तू पुसत जा, धूत जा. प्रेमाने जमत नसेल, तर भीतीने धुवा. आम्हाला बोलता येत नाही, साठवता मात्र येते. आणि साठलेले कुणाच्या तोंडावर सोडायचे, ते आम्ही ठरवतो.