उरलेला डबा

मुलांनो, जरा मनात आणा. डोळे मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? शाळेचं मोठं सभागृह आहे. खुर्च्या भरल्यात. व्यासपीठावर एक माइक आहे, तोही मोठ्या माणसाच्या उंचीचा, आणि त्याच्यामागे अकरा वर्षांची एक मुलगी टाचा उंचावून उभी आहे. दिसली?

घरी तिला चिमणी म्हणत. खाणं चिमणीएवढं, म्हणून चिमणी. बोलणं मात्र दहा जणांचं.

त्या दिवसांत शहरात घरोघरी एकच वाद चालला होता. गोड पेयांवर जादा कर लावावा, असं नगरपालिकेच्या मनात आलं होतं. लोक वाढत्या वजनाने आजारी पडतात, म्हणून. झालं! वर्तमानपत्रात पत्रांचा पाऊस पडला. कोणी म्हणे, दुकानदारांना आवरा. कोणी म्हणे, ज्याने त्याने आपलं तोंड आवरावं. शाळेनेही वादविवादाला तोच विषय घेतला आणि चिमणीच्या वाट्याला दुसरी बाजू आली.

तिने टाळ्या घेतल्या त्या एका दाखल्यावर.

"मी एका व्यक्तीला रोज बघते," ती म्हणाली. "संध्याकाळी बेसिनपाशी उभी राहून ती खात असते. भराभर, कोणाचं लक्ष नसताना. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली? हात तिचा, तोंड तिचं. मग वजन वाढलं तर दोष कोणाचा?"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. तिसऱ्या रांगेत चिमणीची आत्या बसली होती. गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर काम करायची ती. भाचीचं भाषण ऐकायला अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. आत्यानेही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे हात थांबल्यावरही तिचे दोन-तीनदा वाजले, माणूस दुसऱ्याच विचारात असला की वाजतात तसे.

पहिल्या फेरीचा कप चिमणीला मिळाला. घरी जाताना तो आत्यानेच धरला होता. वाटेत तिची कारखान्यातली मैत्रीण भेटली.

"काय गं, भाची जिंकली म्हणे! कोणाची गोष्ट सांगितली एवढी?"

"असेल कोणीतरी," आत्या हसली. "जगात बेसिनं काय थोडी आहेत?"

चिमणीने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

घरी बाबा खूश होते. "शुक्रवारी अंतिम फेरी ना? तो बेसिनचा दाखला सोडू नकोस हं, तोच भारी पडला!"

आत्याने कप कपाटावर ठेवला. नेहमीसारखं चिमणीचं दप्तर उघडून तिने डबा काढला आणि बेसिनपाशी गेली. मग चिमणीला एक आवाज आला. खर्र, खर्र. आजवर या घरात न ऐकलेला. तिने वाकून पाहिलं. आत्या चमच्याने डबा खरवडून कचऱ्याच्या बादलीत टाकत होती. पावाचा एक अख्खा तुकडा, अर्धं अंडं, उकडलेला बटाटा.

"टाकतेस?"

"मग काय करू?" आत्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

चिमणीला आठवलं. रोज अर्धा डबा परत यायचा. मधल्या सुट्टीत गप्पा मारायच्या, की खात बसायचं? 'कमी भर' म्हटलं की 'बरं नाही का गं?' असे दहा प्रश्न येणार, म्हणून तिने दोन वर्षांत ते कधी सांगितलंच नव्हतं. आणि आत्या? कारखान्यात जेवायला पंधरा मिनिटं, त्यातली दहा हात धुवायच्या रांगेत. बिस्किटं आणि चहावर दिवस काढून ती घरी यायची, अन्न टाकवत नाही म्हणून उरलेलं उभ्याउभ्याच संपवायची आणि म्हणायची, "चिमणीचं उरलं की आत्याचं भरलं!" रोज ऐकलेला विनोद. कधी कान देऊन ऐकला नव्हता इतकंच.

त्या संध्याकाळी आत्या जेवायला बसली नाही. "भूक नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच.  कपाटावरचा कप चकाकत होता, आणि चिमणीला तो उलटा करून ठेवावासा वाटत होता.

गुरुवारी तिने भाषणाचा कागद काढला. त्यात दोन शब्द वाढवले आणि स्वयंपाकघरात जाऊन आत्यासमोर वाचलं.

"हात तिचा, तोंड तिचं. डबा माझा."

आत्या हातातलं फडकं पिळत राहिली. "वेडी आहेस. तुझ्या बाजूने बोलायचंय ना तुला? असं म्हणालीस तर अंतिम फेरीचा कप जाईल."

"जाऊ दे. आत्या, उद्यापासून पाव एकच घाल. मला तेवढाच जातो. आणि त्या दिवशी मी... मला माहीत होतं, तू समोर बसली होतीस."

आत्याने फडकं दोरीवर टाकलं. बराच वेळ ते सरळ करत राहिली. "एवढासा डबा," ती शेवटी म्हणाली, "आणि बोलायला दोन वर्षं लागली होय गं तुला?"

 चिमणीने टेबलावर दोन ताटल्या मांडल्या, आत्याची खुर्ची ओढली आणि ती बसेपर्यंत स्वतःच्या ताटलीला हात लावला नाही.

आणि शुक्रवारी तिने माइक दोन्ही हातांनी आपल्या तोंडापर्यंत खाली ओढला, आणि ते वाढवलेले शब्द सगळ्यात आधी म्हटले.