निळ्या होडीचा भाव

"पण ह्या टोपीने ऊन तरी अडतं का?" आईने लेकीच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावत विचारलं. विचारलं म्हणजे कुजबुजली. घशाच्या ऑपरेशननंतर तिच्या आवाजातलं तेवढंच शिल्लक राहिलं होतं.

"खेळात ऊन लागत नाही गं, आई."

"मग त्या माणसाने चांगला घोडा देऊन टोपी घेतली ती कशाला?"

लेकीला नीट सांगता येईना. दिवसभर चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची आणि जेवणं झाली की थोडा वेळ हा खेळ खेळायची. जगभरची माणसं त्यात बाहुल्यांच्या रूपाने हिंडत, लढत, वस्तू मिळवत आणि मधल्या चौकात त्यांची अदलाबदल करत. टोपी दुर्मीळ आहे, एवढंच म्हणून तिने विषय संपवला.

आईचा संपला नाही. मासळीच्या धक्क्यावर तिने सारी उमर लिलाव पुकारण्यात घालवली होती. तिथले लोक तिला भोंगा म्हणायचे, कारण तिने पुकारलेली बोली पार बर्फाच्या कारखान्यापर्यंत ऐकू जायची. भाव का चढतो आणि का आपटतो, हे तिला हवेवरून कळायचं. ऊन वर आलं, बर्फ पाणी सोडायला लागला, की भावही पाणी सोडायचा. इथे मात्र नासणारं काहीच नव्हतं. खाता येत नाही, अंगाला लागत नाही, हातात धरता येत नाही, अशा वस्तूला भाव येतो तो कुठून? हा भुंगा एकदा डोक्यात शिरला तो निघेना. लेक कामावर गेली की ती लॅपटॉप उघडायची आणि स्वतःची वेगळी बाहुली घेऊन एका बोटाने चाचपडत चौकात जाऊन उभी राहायची.

आधी तिला वाटलं, मेहनतीचा भाव असेल. पण महिनोन्‌महिने राबून मिळणारं चिलखत तिथे कुणी फुकटही घेत नव्हतं, कारण ते घरोघरी होतं. मग वाटलं, उपयोगाचा असेल. तर सगळ्यात धारदार तलवारीपेक्षा ती गवताची टोपी महाग. बरं, दुर्मिळपणाचा म्हणावं, तर एक वाकडा चमचा अख्ख्या खेळात मोजक्यांकडेच होता आणि त्याला कुत्रं विचारत नव्हतं. तीन अंदाज केले, तिन्ही तोंडावर आपटले. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

हळूहळू ती वस्तू सोडून माणसांकडे बघायला लागली. टोपीवाला चौकात आला की चालणारे थांबायचे. चमचेवाल्याकडे बघून कुणी थांबत नव्हतं. आणि टोपी घेणारा प्रत्येक जण आधी एकच गोष्ट विचारायचा, की खेळाची कंपनी ही पुन्हा वाटणार तर नाही ना?

"म्हणजे बघ," एकदा चहा गाळताना ती लेकीला म्हणाली, "उद्या ही दुसऱ्या कुणाला हवी असेल, असं आज घेणाऱ्याला वाटतं. त्या दुसऱ्यालाही तसंच वाटतं, तिसऱ्याबद्दल. सगळे एकमेकांच्या खांद्यावर उभे."

"आणि सगळ्यात खाली कोण उभंय?"

"तेच तर कळत नाहीये."

चौकात सगळ्यात मोठा मान निळ्या होडीचा होता. खेळाच्या पहिल्या वर्षी एक मोठं वादळ झालं, तेव्हा जे खेळत होते त्यांना कंपनीने ती दिली आणि पुन्हा कधी दिली नाही. तिची देवघेव म्हणजे नुसता गोंधळ असायचा. दहा जण एकदम लिहायचे, कुणाचं कुणाला कळायचं नाही. एकदा आईला राहवलं नाही. तिने लिहिलं, सगळे गप्प बसा, एकेकाने बोली लावा. आणि पुढे एकवार, दोनवार, तीनवार असं लिहून सौदा पक्का करून मोकळी झाली. लोकांना गंमत वाटली, मग सवय लागली, आणि ते तिला मावशी म्हणू लागले. थोड्याच दिवसांत निळी होडी विकायची म्हणजे मावशीकडूनच, असा रिवाज पडला. घुबड, चिंधी, आळशी वाघ अशा नावांची ती मंडळी तिची वाट बघत थांबू लागली. कुठली होडी कुणाकडून कुणाकडे गेली, हे तिच्या ध्यानात पक्कं राहायचं. धक्क्यावर तरी दुसरं काय केलं होतं?

त्याच सुमारास लेकीने वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं चांदणी नावाच्या खेळाडूला देऊन एक निळी होडी घेतली. घाईचा सौदा होता, आईच्या लिलावात आलाच नाही. लेकीने एक गिऱ्हाईक हेरून ठेवलं होतं. सगळे त्याला शेठ म्हणत. तो अशा वस्तू खरे पैसे मोजून घ्यायचा. त्या पैशांत काचा घासायचं स्वतःचं यंत्र येणार होतं, आणि यंत्र आलं की दुसऱ्याच्या दुकानात उभं राहणं संपणार होतं. सामानाच्या खोलीत यंत्र कुठे बसवायचं हेही तिने ठरवून टाकलं होतं.

आणि मग बातमी फुटली. खेळातली एक खोट हेरून कुणीतरी निळ्या होड्यांच्या नकला काढल्या होत्या. कंपनीने भोक बुजवलं, पण अस्सल कुठली आणि नक्कल कुठली हे कंपनीलाही सांगता येईना. दोन्हींत फळीचाही फरक नव्हता. चौक ओस पडला. मग घुबडाने लिहिलं की मावशीला विचारा. तिने सौदा पक्का केलेल्या होड्या या भानगडीच्या कितीतरी आधीच्या आहेत. शेठनेही कळवलं की मावशी ज्या होडीची ग्वाही देईल, ती तो डोळे मिटून घेईल.

त्या संध्याकाळी लेक कामावरून आली ती थेट आईपुढे बसली. तिने पर्सही खाली ठेवली नव्हती.

"माझी खरीही असेल, आई."

"असेल ना."

"खोटी आहे असं कुणी सिद्ध करू शकणार नाही."

"नाही करू शकणार."

"मग खोटं बोल असं मी म्हणत नाही. शेठने विचारलं की नुसती हो म्हण. तुझ्या एका शब्दाने कुणाचं काय जातंय?"

आईने तिच्या खांद्यावरची पर्स काढून खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी रात्री चौक भरला. एकेक जण आपली होडी पुढे आणत होता आणि आई ती कुणाकुणाच्या हातून आली ते लिहीत होती. लेकीची पाळी आली तेव्हा शेठने विचारलं, हिचं काय? लेक शेजारीच, मोबाईलवरून खेळत बसली होती. आईने तिच्याकडे बघितलं नाही. बोट पुन्हा पुन्हा भलत्याच अक्षरावर पडत होतं.

'ही माझ्या हातून गेलेली नाही,' तिने लिहिलं. 'मला माहीत नाही.'

शेठ पुढच्या होडीकडे वळला. लेकीने मोबाईल पालथा घातला आणि आत निघून गेली.

पुढे बरेच दिवस घरात कामापुरतंच बोलणं होत राहिलं. भाजी काय आणू, गॅस संपलाय, एवढंच. चौकात मात्र उलटं झालं. मावशीच्या होड्यांना पूर्वीपेक्षा चढा भाव आला. कुणी कौतुक केलं की आईला धडकी भरायची. सगळ्यात खाली कोण उभंय, या प्रश्नाचं उत्तर असं आपल्याच घरात निघेल, असं तिला वाटलं नव्हतं. होडी तीच, रंग तोच, आणि एक भारी, एक कवडीमोल, का, तर एका म्हाताऱ्या बाईने लिहिलं म्हणून. तिने लिलाव घेणं कमी केलं. कुणी विचारलं तर लिहायची, डोळे दुखतात.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी लेक आपणहून येऊन शेजारी बसली. मोबाईलवर तिने ती न खपलेली होडी काढली आणि चौकाच्या मागच्या पाण्यात सोडली. असं कधीच कुणी करत नसे. जपून ठेवायची ती वस्तू, पाण्यात कोण घालतो?

"ये," ती म्हणाली. "बस."

आईने एका बोटाने आपली बाहुली काठापर्यंत नेली. बाहुली दोनदा काठावरच अडखळली. जन्मभर आईने होड्यांची वाट बघितली होती, त्यांनी आणलेलं विकलं होतं, पण होडीत बसायची वेळ कधी आलीच नव्हती. तिसऱ्यांदा बाहुली आत गेली. होडी थोडी कलली, मग सरळ झाली.

काठावर दोघं-तिघं जमले. होडी विकायची आहे का, काय भाव, असं एकाने विचारलं. लेकीने ते वाचलं. मग वल्ह्याचं बटण दाबलं, आणि काठ मागे पडायला लागला.